मामांनी धरलेला उजेड

मी लोकांच्या घरी जाऊन त्यांचे फोटो काढते. कुणाचं तान्हं बाळ, कुणाची निवृत्त झालेली आई. सुरुवातीला माझ्याकडे मोठ्या बल्बचे दोन दिवे होते. त्यांच्या वायरी हॉलभर पसरायच्या, बोर्ड सापडावा म्हणून लोकांचे सोफे सरकवावे लागायचे, आणि त्या सततच्या उजेडात म्हातारी माणसं डोळे मिचकावत बसायची. शेवटी औरंगपुऱ्यातल्या एका दुकानातून बॅटरीवरचा फ्लॅश घेतला आणि त्याच्यापुढे लावायला, उजेड मऊ करणारा, छत्रीसारखा उघडणारा मोठा चौकोनी सॉफ्टबॉक्स. वायरींची कटकट मिटली. पण त्याच्या वजनानं स्टँड पुढे कलंडायचा. कुणीतरी धरायला हवं होतं, आणि नवऱ्याची शेंद्र्याच्या कंपनीत शिफ्ट.

त्याच दिवसांत सासरे मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी देवगाव रंगारीहून आमच्याकडे आले होते. त्यांना मी मामा म्हणते. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी आमचं बोलणं "चहा घेता का?" आणि "व्हय" एवढ्यावरच थांबलेलं. डोळा बरा झाला, डॉक्टरांनी हिंडायला-फिरायला मोकळीक दिली, आणि मामा गॅलरीत बसून कंटाळले. एका रविवारी मी बॅगा उचलत होते, तर म्हणाले, "धरायलाच माणूस लागतंय ना? मी येतो."

नाही कसं म्हणणार? रिक्षात धोतर सावरत, स्टँड मांडीवर आडवा घेऊन बसले. मला मात्र उगाच अवघडल्यासारखं झालं होतं.

त्या दिवशी एका निवृत्त शिक्षिकेचा फोटो होता. चष्म्याच्या काचांवर सॉफ्टबॉक्सचा पांढरा चौकोन उमटायचा. मी चष्मा काढायची विनंती केली. "चष्म्याशिवाय माझे विद्यार्थी मला ओळखायचे नाहीत," बाई म्हणाल्या. मी मामांना दिवा डावीकडे न्यायला लावला, मग उजवीकडे. चौकोन हटेना.

स्टँडमागून मामांचा हलका आवाज आला. "पोरी, जरा वर घेऊ का? ऊन काय कुणाच्या नाकासमोर उभं ऱ्हातंय? सकाळी दहाच्या उन्हागत धरतो."

त्यांनी स्टँड उंच केला, दिवा बाजूला नेऊन खाली झुकवला. काचा स्वच्छ झाल्या. हनुवटीखाली सावली पडली, तेव्हा उजेड खालून परतावा म्हणून मी बाईंच्या मांडीवर पांढरी चादर अंथरली. पुढच्याच फोटोत बाईंचे डोळे असे मिश्कील आले की त्या स्वतःच म्हणाल्या, "अशीच बघायचे मी कॉपी करणाऱ्यांकडं!"

परत येताना मामा रस्ताभर बोलत होते. कुठल्या वेळी कापसाची बोंडं उठून दिसतात, दुपारी माणसाचा चेहरा का मेल्यासारखा दिसतो. नऊ वर्षांत मी हे काही विचारलंच नव्हतं.

पुढचे पाच-सहा रविवार ते माझ्याबरोबर आले. मग गावी जायची वेळ झाली, तेव्हा टोपी हातात फिरवत म्हणाले, "शेतात चालंल का गं हे? आत्याचा एक फोटो काढशील?"

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना आम्ही बळंच बांधावर बसवलं. वारं सुटलेलं. मामा दोन्ही हातांनी स्टँड कवटाळून उभे.

"तोंड वर कर. आणखी. हां, आता हलू नको."

"लग्नात तरी एवढं निरखून बघितलं होतं का मला?" आत्या म्हणाल्या, आणि स्वतःच्याच बोलण्यावर खळखळून हसल्या. तेवढ्यात मी बटण दाबलं.

मग त्या उठल्या आणि स्टँड हिसकावून घेतला. "आता तुम्ही बसा."

आत्यांनी तो धरला पार खाली, गुडघ्याजवळ. मी वर घ्यायला सांगत होते, पण त्यांना हसूच आवरेना. शेवटी तसाच फोटो काढला, तर त्यात मामांच्या नाकाची सावली कपाळावर चढलेली, मिशा झुडपासारख्या दिसत होत्या.

दोन्ही फोटो फ्रेम करून मी गावी नेले. मामांचा तो एक पुन्हा नीट काढून बदलून देते, असं मी म्हणाले, तर त्यांनी हातातनं फ्रेम सोडली नाही.

"ऱ्हाऊ दे," म्हणाले. "तिनं धरला व्हता उजेड."