अक्कांच्या कॉम्प्युटरवरची चौकट

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, बंगळूरच्या बनशंकरीत ज्याच्याबरोबर एका खोलीत राहिलो त्या मित्रालाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखत असतात तर गप्पच बसलो असतो – एवढाच माझा धीटपणा.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नागपूरहून बंगळूरला नोकरीला आलो होतो. ऑफिसात मला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि स्वतःच्या चुकांसाठी बोलणी खायची. अशात मराठी मंडळींच्या गणपतीत अक्का भेटल्या. चामराजपेटेत त्यांचं घर, यजमानांचं कापडाचं दुकान. कितीतरी पिढ्या इथेच गेलेल्या. मी कॉम्प्युटरवाला आहे हे कळताच त्यांनी रविवारी जेवायलाच बोलावलं. त्यांची एकुलती एक मुलगी सुमती लग्न होऊन अमेरिकेत होती. जावयाने सुट्टीत येऊन घरात कॉम्प्युटर बसवून दिला होता, पण अक्का त्याला भीत होत्या.

आणि भीत होत्या त्या एका चौकटीला. ब्राउझर उघडून मेलमध्ये शिरायला गेलं की ती यायची, मेल पाठवताना परत यायची. इंग्रजीत लिहिलेलं – तुम्ही पाठवताय ती माहिती इतरांना दिसू शकते, पुढे जायचं का? खाली ‘होय’ आणि ‘नाही’. आणि त्याखाली एक बारीकसा चौकोन: ही सूचना पुन्हा दाखवू नका. त्या चौकोनात एक खूण केली की संपलं. त्या काळी ही सूचना ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरवर यायची आणि जो तो ती अशीच घालवायचा. मला हे पहिल्याच रविवारी माहीत होतं.

मग केली का नाही खूण? करणारच होतो. पण अक्कांनी ताट वाढलं – झुणका, भाकरी, आणि शेजारी त्यांच्या पद्धतीची आंबटगोड हुळी, म्हणजे इकडची आमटी – आणि म्हणाल्या, “तू आहेस म्हणून धीर येते बघ.” घर सोडल्यापासून असं कुणी बोललं नव्हतं. जेवण झाल्यावर मी कपाळाला आठ्या घालून बऱ्याच खिडक्या उघडल्या, बंद केल्या, आणि सांगितलं की आज काम होईल, पण हे परत येणार. मी नसताना ‘होय’ दाबू नका.

आणि त्यांनी कधी दाबलं नाही. घरात कुणी कॉम्प्युटरकडे गेलं की म्हणायच्या, “स्वल्प थांब, इंजिनियर येऊ दे.” मी दर रविवारी जायचो. त्या एका बोटाने, इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायच्या, मी शेजारी बसून भाव खायचो. इथवर हे हसण्यावारी नेता आलं असतं, नाही?

एका रविवारी सुमतीचं मेल आलं होतं. मी मान वळवली – पण वाचून झाल्यावर. नवरा हात उगारतो, फोनवर बोलताना तो शेजारीच उभा असतो, म्हणून वाचनालयातल्या कॉम्प्युटरवरून लिहितेय, ही मेलपेटी मी इथेच नवी उघडलीय, त्याला ठाऊक नाही. आणि शेवटी: आई, मी परत आले तर चालेल का?

अक्कांनी ते पुन्हा एकदा वाचलं. मग त्यांनी लिहायला घेतलं, थांबल्या, आणि त्या सूचनेबद्दल विचारलं, “दुसऱ्यांना दिसते म्हणजे कुणाला रे? जावयालापण?”

इथे मला एकच शब्द बोलायचा होता. नाही. नाही अक्का, लिहा. तो शब्द मला येत होता, खरा होता, तोंडाशी होता. पण मग चौकट कशाची, इतके दिवस मी काय दुरुस्त करत होतो, आणि पुढच्या रविवारी माझं इथे काय काम? हे सगळं एका क्षणात मनात येऊन गेलं – आणि मी म्हणालो, “सांगता येत नाही, अक्का.”

त्या “सरी” म्हणाल्या, म्हणजे बरं. लिहिलेलं पुसलं. मग लिहिलं की लोणचं छान मुरलंय, बाबांचे गुडघे बरे आहेत, तू जपून राहा. माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, त्यांनी ‘होय’ दाबलं. मग आम्ही जेवलो.

सुमती वर्षभराने आली, एकटीच. तिचा डावा हात कोपरातून सरळ होत नव्हता. हात मोडला तो त्या मेलनंतरच्या थंडीत. मी नेहमीसारखा रविवारी गेलो होतो, ताटावर बसलो होतो, तेव्हाच तिने आईला विचारलं – मी एवढं लिहिलं, आणि तू मला लोणच्याचं कळवलंस? अक्का म्हणाल्या, “दुसऱ्यांना दिसते म्हणून येत होतं ना त्याच्यावर. म्हणून भ्याले मी. विचार ह्याला.”

सुमतीने माझ्याकडे बघितलं. वाचनालयात तिनेही ती सूचना पाहिली असणार, आणि कुणाला न विचारता घालवली असणार. तिला कळलं की नाही, मला माहीत नाही. मी “हो, यायचं तसं” म्हणालो आणि भात कालवू लागलो.

त्या दुपारी मायलेकी आत बोलत बसल्या असताना मी कॉम्प्युटर चालू केला आणि त्या चौकोनात खूण केली. चौकट गेली. मी कुणाला न सांगता निघून आलो. परत त्या घरी गेलो नाही.

दोन दिवसांनी ऑफिसात अक्कांचा फोन आला. ते आता येत नाही, तू जाता जाता नीट करून गेलास, किती केलंस आमच्यासाठी, म्हणाल्या. आणि दुपारी दुकानातल्या माणसाबरोबर त्यांनी माझ्यासाठी डबा पाठवला. झुणका होता, भाकरी होती, वर ते लोणचं होतं.

मी तो सगळा खाल्ला.