वस्तीवर आलेलं नेट

बीडच्या दुकानातली हिशेबाची नोकरी मोहिनीला दोनदा चालून आली आणि भागवतनं दोन्ही वेळा मोडता घातला. "रोज एसटीनं जायाचं-यायाचं, लोक काय म्हनतील? काय करायचं ते घरी बसून कर."

नवऱ्याचं हे बोलणं तिनं धरूनच ठेवलं. पुण्याच्या एका कंपनीत घरूनच ग्राहकांचे फोन घ्यायचं काम होतं. अट एकच, घरात तारेचं नेट पाहिजे.

त्यांची धनगरवस्ती वडवणीपासून आत, माळावर. मोबाईलची रेंज तिथं चुकार शेळीसारखी, बोलवावी तशी लांब पळायची. नेटवाला उत्तरेश्वर म्हणाला, चार-पाच घरं तयार झाली तरच तार ओढतो. मोहिनी दारोदार फिरली. कौशल्याबाईला कीर्तनाची लालूच दाखवली, सटवाला कुस्त्यांची. शेवटी बाभळीवरून, लाकडी खांबावरून काळी तार दारातल्या लिंबापर्यंत आली.

"हात लागला तर?" सासूनं, सारजाबाईनं विचारलं.

"करंट नसतो हिच्यात, मावशी. बिनघोर ऱ्हावा," उत्तरेश्वर म्हणाला.

मुलाखत नेमकी घट बसायच्या आदल्या दिवशी आली. ठेवणीतली साडी नेसून, दार लोटून मोहिनी लॅपटॉपसमोर बसली. पुण्याच्या मॅडम खूश दिसत होत्या. "रुजू कधी होणार?" असं त्यांनी विचारलं आणि तोंड उघडं ते उघडंच राहिलं. चित्र गोठलं.

मोहिनी बाहेर धावली. सारजाबाईनं दसरा काढला होता. घरातल्या सगळ्या गोधड्या धुऊन, ओल्याचिप्प, तारेवर टाकल्या होत्या. तार लिंबाजवळ तुटून पडली होती.

"आत्या, ही नेटची वायर हाय!"

"मंग? त्योच म्हनला की करंट न्हाई. दोरीवर मावतंय व्हय एवढं?"

"माझी मुलाखत चालली होती आत!"

"मला काय ठावं? मला वाटलं, एकलीच हसायलीस."

उत्तरेश्वर दसऱ्याशिवाय येणार नव्हता. त्याच्याही घरी घट होते. मोहिनीनं टेकाडावर चढून पुण्याला फोन लावला. मॅडम गोड बोलल्या. म्हणाल्या, तुमच्या भागाचा भरवसा नाही, पुण्यात राहायला या, लगेच घेतो.

"पुन्याला?" भागवत हसला. "मंग आमी काय मेंढरासंगं संसार करावा?"

दसरा झाल्यावर तार जोडली गेली. त्या संध्याकाळी कौशल्याबाई कीर्तन बघायला येऊन बसली. "सून लई गुनाची गं सारजा," ती म्हणाली. "घर न सोडता आख्ख्या वस्तीला नेट आनलं."

सारजाबाईची मान ताठ झाली. भागवत बाजेवर पाय पसरून मॅच बघत होता. "आता कर की परत अर्ज," तो स्क्रीनवरून नजर न काढता म्हणाला. "कोन न्हाई म्हनतंय?"

"जागा भरली," मोहिनी म्हणाली.

"मंग च्या टाक."