मामांचा टाय आणि लाल दोरी

आमचे मामा हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या कारखान्यात मुकादम झाले, तेव्हा कामगारांचा आनंद बघण्यासारखा होता. शेळीच्या हाती काठी आली की कळप नाचणारच. कुणी उशिरा आलं तर मामाच ओशाळायचे. रजा मागणाऱ्याला आधी बसायला स्टूल द्यायचे, मग रजा.

मालकांनी हे केबिनच्या काचेतून पाहिलं आणि मामांना आत बोलावलं.

"मुकादमाला माणसं टरकली पाहिजेत. जमत नसेल तर सांगा, माझा मेहुणा घरी रिकामाच आहे."

मामांना आयुष्यात पहिल्यांदाच हात असलेली खुर्ची मिळाली होती. दुसऱ्या दिवशी ते टाय लावून निघाले.

"गळा आवळल्याशिवाय आवाज चढत नाही वाटतं?" मामींनी विचारलं. मामांनी लक्ष दिलं नाही. राज्यकर्ते बायकोचं ऐकत नसतात, निदान कामाच्या वेळेत.

कारखान्यात राज्य करण्याजोगी जागा एकच, इस्त्रीचं मोठं यंत्र. ओली चादर ताणून तापलेल्या रुळांत सोडायची, ती पलीकडे कडक होऊन निघते. बाजूला एक लाल दोरी असते. ती ओढली की रूळ तिथल्या तिथे थांबतात, पण आतली चादर करपते. मामांनी करपलेला ढीग पाहिला आणि भिंतीवर फर्मान लावलं: मुकादमाच्या लेखी परवानगीशिवाय दोरीला हात लावणाऱ्याची रवानगी मळक्या खोलीत. हॉस्पिटलमधून येणारं सगळं आधी त्या खोलीत जातं. काय काय असतं ते सांगत नाही, कुणी जेवता जेवता वाचत असेल.

पहिला बळी गेला आत्याचा. वयाने सगळ्यांत मोठी, म्हणून तिला सगळेच आत्या म्हणत, अगदी मामासुद्धा. नव्या पोरीची बाही रुळाकडे खेचली गेली आणि तिने दोरी ओढली.

"नियम म्हणजे नियम, आत्या."

"खरंच की. पोरीला दुसरा हात होताच," आत्या म्हणाली आणि मळक्या खोलीकडे गेली.

ती शिक्षा भोगून परतली तोवर कारखाना सुतासारखा सरळ झाला होता. चादर करपेना आणि मामांशी कुणी बोलेना. मालक खूश होते.

मग एका सकाळी चादर कशी ताणायची ते दाखवायला मामा यंत्रावर वाकले. चादरीबरोबर टायही आत निघाला.

"दोरी! अरे, दोरी ओढा!"

कुणीही हललं नाही. इतकी शिस्त त्या कारखान्याने कधी पाहिली नव्हती.

"मामा, लेखी लागतं ना?" मागून कुणीतरी नम्रपणे म्हणालं.

"देतो! नंतर देतो!"

"कागद आणू?"

मामांचं नाक वाफेला टेकायला आलं, तेव्हा आत्याने दोरी ओढली. "टायचा रंग चादरीला लागला असता," ती कुणाकडेही न बघता म्हणाली आणि कात्रीने टाय कापून मामांना सोडवलं.

यंत्राचा आवाज थांबताच मालक बाहेर आले.

"कुणी ओढली?"

मामा अर्धा टाय गळ्यात घेऊन उभे होते. आत्याचं नाव घेतलं तर खुर्ची शाबूत राहणार होती. तिला माफ केलं, तर उद्या त्या खुर्चीत मेहुणा. मामांनी आत्याकडे पाहिलं, मग खुर्चीकडे, मग पुन्हा आत्याकडे.

"मी," मामा म्हणाले. "नियमाप्रमाणे मळक्या खोलीत निघालो."

मालक बघतच राहिले. मग कामगारांकडे वळून म्हणाले, "शिका काहीतरी! याला म्हणतात कठोर माणूस. स्वतःलासुद्धा सोडत नाही!" आणि मामांना तिथल्या तिथे मुकादम म्हणून कायम करून टाकलं.

दुपारी आत्या मळक्या खोलीच्या दारात आली. मामा रबरी हातमोज्यांशी झटत होते.

"वर खेचा, नाहीतर आत पाणी जातं."

मामांनी मोजे वर खेचले. "आत्या, ते फर्मान काढून टाकू का?"

"राहू द्या भिंतीवर. मालकांना बघायला काहीतरी लागतं."

"आणि दोरी?"

"दोरीचं आम्ही बघतो," आत्या म्हणाली. "तुम्ही टाय तेवढा घरी ठेवा."