किल्ली ताईकडे असते

माझ्या मामाला गल्लीत त्याच्या नावानं कुणी हाक मारत नाही. सगळे त्याला ‘अर्धा मिनिट’ म्हणतात. तो कुलूपवाला आहे. कुणाची किल्ली हरवली, कपाट अडलं, पेटीचं कुलूप गंजलं की मामा पिशवी घेऊन हजर होतो, कुलपाला कान लावतो, खिशातून एक वाकडी तार काढतो आणि म्हणतो, “अर्धा मिनिट हं.” मी एकदा घड्याळ लावून बघितलं आहे, बावीस सेकंद लागतात. उरलेले आठ सेकंद तो समोरच्याचा चेहरा बघत उभा राहतो. त्याच्या आयुष्यातली ही एवढीच चैन.

लग्न त्यानं केलं नाही. खाली दुकान, वर एक खोली. खोलीचा जिना दुकानाच्या मागच्या दाराशी उतरतो, म्हणजे कुठंही जायचं तर दुकानावरूनच जावं लागतं. दुकानात गेलात तर बसायला जागा मिळणार नाही. फळीवर कानशी, पकडी, चिमटे, भिंतभर कोऱ्या किल्ल्यांचे जुडगे, आणि लोखंडाचा भुगा इतका की मामाच्या अंगाला अंघोळ केल्यावरही त्याचाच वास येतो.

आमच्या धर्मात आठवड्याचा एक दिवस विश्रांतीचा असतो. आदल्या संध्याकाळी सूर्य मावळला की कामाला हात लावायचा नाही, तो थेट दुसऱ्या दिवशी मावळेपर्यंत. कुणाच्या जिवावर बेतलं असेल तर तेवढी सूट. आता नियम म्हटला की पळवाटा आल्याच, आणि आमच्या नातेवाइकांत त्या शोधणारे एकापेक्षा एक आहेत. मीही काही धुतल्या तांदळासारखी नाही. पण मामाची गोष्टच वेगळी. दर आठवड्याला आदल्या संध्याकाळी तो दुकानाला कुलूप लावायचा, दोन गल्ल्या चालून माझ्या आईकडे यायचा, चार मजले चढायचा आणि दुकानाची किल्ली तिच्या हातात द्यायचा. दुकानाची किल्ली एवढी एकच. ज्याच्या भिंतीवर चारशे किल्ल्या लटकतात त्यानं स्वतःच्या कुलपाची दुसरी कधी केली नाही. आई ती शिवणाच्या डब्यात, बटणांच्या खाली ठेवायची. दुसऱ्या दिवशी दिवस मावळला की मामा पुन्हा यायचा.

“गेला ना दिवस?” आई विचारायची.

“गेला, ताई. तुझ्यामुळे.”

मग चहा. सव्वीस वर्षं हे असंच चाललं होतं. लहानपणी मला वाटायचं, कुलूपवाल्यानं किल्ली बहिणीकडे द्यावी असं धर्मग्रंथातच लिहिलेलं आहे.

याची सुरुवात आजोबा गेले तेव्हा झाली. मी नऊ वर्षांची होते. आजोबा, म्हणजे आईचे आणि मामाचे वडील, नियमाचे पक्के. शेवटी शेवटी ते मामाच्याच खोलीत अंथरुणाला खिळून होते. तो विश्रांतीचाच दिवस होता. मामा तेव्हा तिशीच्या आतला, आणि कुणाच्या तरी जुन्या तिजोरीचं कुलूप तीन दिवस त्याला दाद देत नव्हतं. दुपारी सगळे जरा कलंडले तसा तो हळूच खाली उतरला आणि मागचं दार लावून कामाला बसला. आजोबांनी डोळे उघडले आणि त्याला बोलावलं. आईनं जिन्यातून हाक मारली, “अरे, बाबा बोलावतायत.” खालून उत्तर आलं, “अर्धा मिनिट, आलोच.” तो वर आला तेव्हा दोन तास झाले होते. हात कोपरापर्यंत काळे होते, आणि आजोबा गेलेले होते. त्यांनी त्याला कशासाठी बोलावलं ते कुणालाच कधी कळलं नाही.

पुढच्या आठवड्यात तो आईकडे किल्ली घेऊन आला. “ताई, माझा मला भरवसा नाही. ही तुझ्याकडे ठेव. मी पाया पडलो तरी देऊ नकोस.”

आईनं ठेवली. तेव्हापासून विश्रांतीच्या दिवशी कुणी काम घेऊन आलं की मामाचं एकच उत्तर असायचं, “किल्ली ताईकडे असते.” मोठी मोठी माणसं दुप्पट पैसे देऊ करत. मामा खिसे उलटे करून दाखवायचा.

दहा वर्षं झाली असतील, तेव्हा प्रार्थनागृहात नवे धर्मगुरू आले. माणूस चांगला, पण बोलणं तिखट. पहिल्याच प्रवचनात ते म्हणाले, “नियम ज्याचा त्यानं पाळायचा असतो. ज्याचे हात बांधलेत त्यानं चोरी केली नाही, यात त्याची कसली बढाई?” सगळ्यांनी माना डोलावल्या. मामा मात्र पांढराफटक पडला. त्या दिवसापासून तो पुढच्या बाकावरून उठून अगदी शेवटच्या, दाराजवळच्या बाकावर जाऊन बसायला लागला. पूर्वी त्याला अधूनमधून ग्रंथातलं पान वाचायला बोलवत, आवाज चांगला आहे त्याचा. तेही त्यानं बंद केलं. कुणी म्हणालं, “तुमच्यासारखे नेमाने पाळणारे थोडे,” की तो चक्क चिडायचा. “मी कुठं पाळतो? ताई पाळते. उद्या वर गेल्यावर विचारतील, तू काय केलंस? तर मी काय सांगू, बहिणीनं डब्यात ठेवली होती म्हणून?”

आम्ही हसायचो. तो हसायचा नाही, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

यंदा आईच्या गुडघ्यांनी हात टेकले. चार मजले, लिफ्ट नाही. मी दुसऱ्या गावात राहते, माझं घर तळमजल्यावर. आईला घेऊन जायचं ठरवलं. आई तयार झाली, सामान बांधायला मी आठवडाभर येऊन राहिले, आणि मामानं माझं डोकं खायला सुरुवात केली.

“ताई गेली तर किल्ली कुणाकडे द्यायची?”

“शेजारच्या शिंप्याकडे दे.”

तो खरंच गेला शिंप्याकडे. शिंपी त्याचा जुना दोस्त, पण धर्माच्या बाबतीत आनंदीआनंद. तो म्हणाला, “ठेवतो की. फक्त माझ्या मशीनचा ड्रॉवर अडला तर मीच तुला किल्ली आणून देईन.” मग मामा धर्मगुरूंकडे गेला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “अहो, मी धर्मगुरू आहे, खुंटी नाही. आज तुमची किल्ली ठेवली तर उद्या अख्खं गाव आपापला धर्म माझ्या खिशात आणून ठेवेल.”

मामा तिथून जो परतला तो तोंड एवढंसं करून. पुढचे दोन दिवस तो आमच्याकडेच बसून होता, आणि मी भांडी कागदात गुंडाळत असताना एकच दळण दळत होता. दुकान जिन्याखालीच. जाता-येता दार दिसणार. किल्ली खिशात असणार. पहिल्या आठवड्यात नाही तर दुसऱ्या आठवड्यात तो आत जाणारच. एकदा गेलाच होता ना? आणि तेव्हा काय झालं? त्याला खरोखर भीती वाटत होती. बावन्न-पंचावन्न वर्षांचा माणूस, पण लहान पोरासारखा तेच तेच विचारत होता. आणि मी, सांगायला लाज वाटते, त्याला म्हणाले, “मामा, जरा सुतळी धर इकडे.”

निघायच्या आदल्या दिवशी आईचं लोखंडी कपाट रिकामं करायचं होतं. आतल्या कप्प्याची किल्ली सापडेना. आईनं तीनदा पर्स उलटी केली, मी सगळे बांधलेले डबे पुन्हा सोडले आणि चिडचिड करत बसले. मामा उठला, माझ्या केसांतली पिन ओढून घेतली, दातांनी सरळ केली, कप्प्याला कान लावला. “अर्धा मिनिट हं.” खट्. कप्पा उघडला. पिन मला परत देत तो जिथून उठला होता तिथंच बसला आणि पुढचं वाक्य सुरू केलं, “तर मी काय म्हणत होतो, किल्ली जर माझ्याच खिशात—”

माझा नाकावरचा राग, तो थोडाच वाट बघत बसतो! मी हातातला डबा आपटला. “मामा, तुला तुझ्या दुकानात शिरायला किल्ली लागते?”

“म्हणजे?”

“म्हणजे तुझ्या दुकानाला जे कुलूप आहे ते किल्लीशिवाय उघडायला तुला किती वेळ लागेल?”

“अर्धा—” एवढंच म्हणाला आणि त्याचं तोंड तसंच उघडं राहिलं.

मी पिन त्याच्या नाकासमोर धरली. “सव्वीस वर्षं, मामा. सगळ्या गावाला किल्लीशिवाय आत सोडतोस. शिंप्याची आई न्हाणीघरात घसरून आत अडकली होती, तेव्हा विश्रांतीचाच दिवस होता ना? तू जाऊन तारेनं दार उघडलंस, म्हातारीला बाहेर काढलंस. तार खिशात टाकून घरी आलास. स्वतःच्या दुकानावरून जिना चढून वर गेलास. तेव्हा तुला कुणी अडवलं होतं?”

“किल्ली ताईकडे होती,” तो म्हणाला. पण ते म्हणताना त्यालाच ते पटत नव्हतं. त्यानं आईकडे बघितलं. “ताई, तुला हे माहीत होतं?”

आई पलंगावर गुडघ्याला तेल चोळत बसली होती. “अरे, मला वाटलं, तुला माहीत असेल.”

“मला?”

“कुलूपवाला तू की मी? तीन वर्षांमागे मी दवाखान्यात होते तेव्हा विश्रांतीच्या दिवशी दुकानाची किल्ली तूच या डब्यात ठेवायचास आणि या घराची किल्ली तुझ्याकडे होती. झाडांना पाणी घालायला रोज येत होतास की.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. मला हसू आवरेना. मामा मात्र अजून सुटला नव्हता. तो जमिनीकडे बघत हळूच म्हणाला, “पण माझ्या डोक्यात तार आलीच नाही, ताई. जे मनातच आलं नाही, ते न करण्यात माझं काय?”

“मोह झाला नाही कधी?” आईनं विचारलं.

“दर आठवड्याला होतो. जिना उतरताना हात शिवशिवतात.”

“मग काय करायचास?”

“मनाला सांगायचो, किल्ली ताईकडे आहे.”

“सांगायचं कोण?”

मामानं माझ्या हातातल्या पिनेकडे बघितलं.

“मी तर इथं चार मजले वर बसलेली असायचे,” आई म्हणाली. “तिथं जिन्यात उभं राहून तुला सांगत कोण होतं?”

“मीच,” मामा म्हणाला. मग पुन्हा एकदा, जरा मोठ्यानं, “मीच की.” आणि तो हसायला लागला. असा हसायला लागला की शेजारची बाई काय झालं म्हणून दार उघडून बघायला आली. हसता हसता डोळे गळायला लागले, आणि त्यानं ते त्याच लोखंडाच्या वासाच्या बाहीनं पुसले. मला इतकं हलकं वाटलं की मी सुतळी टाकून दिली आणि सगळ्यांसाठी चहा टाकला. भांडी बांधलेली होती, तर तिघांनी वाट्यांतून प्यायला.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. संध्याकाळपासून विश्रांतीचा दिवस लागणार होता. मामा गाडीपर्यंत आला, सामान चढवलं आणि सवयीनं खिशात हात घालून किल्ली काढली. आईनंही सवयीनं हात पुढे केला. मग दोघंही थांबले. आईनं त्याची मूठ मिटवली आणि ती त्याच्याच खिशाकडे ढकलली. “जा आता, अंधार पडायच्या आत.”

दुसरा दिवस कसा काढला ते आमचं आम्हाला माहीत. आई खिडकीशी बसून सूर्य कधी मावळतो ते बघत होती. दोनदा मला म्हणाली, “आपण त्याला उगाच सांगितलं का गं? किल्लीच्या भरवशावर बरा होता तो.” तिढा सुटला म्हणून मी चहा पाजला होता, आणि तिकडे त्या जिन्यात मामा एकटा होता, खिशात किल्ली, दुसऱ्या खिशात तार, आणि आता दोन्ही ठाऊक असलेला.

दिवस मावळला. फोन वाजला. मी उचलून आईच्या कानाला लावला, पण मामाचा आवाज मलाही ऐकू येत होता.

“गेला ना दिवस?” आईनं विचारलं.

“फार जड गेला, ताई. दुपारी तीनदा खाली उतरलो. एकदा तर कुलपाला हात लावला. गार लागलं.”

“मग?”

“मग सुटलो तो प्रार्थनागृहात जाऊन बसलो. पुढच्या बाकावर. तिथून धर्मगुरूंचं नाक फार मोठं दिसतं गं.” तो जरा थांबला. “पाळला, ताई. मी पाळला. आयुष्यात पहिल्यांदा.”

आईनं शिवणाचा डबा मांडीवर ओढला, झाकण उघडलं आणि बटणांत बोट फिरवलं. तिथं आता काही नव्हतं.

“पहिल्यांदा नाही रे,” ती म्हणाली. “मागची सव्वीस वर्षंही तुझीच. माझ्याकडे नुसती किल्ली होती.”

मग मामा म्हणाला, “अर्धा मिनिट हं, ताई,” आणि नाक शिंकरल्याचा आवाज आला. आई फोन कानाला लावून थांबून राहिली.