मामांच्या जपानातला धुरा

मामांनी मला दहावीच्या इंग्रजीतून पार केलं, हे आधीच सांगून टाकते; नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटेल की त्यांनी मला नुसती जपानी कार्टूनं दाखवली. कार्टून म्हटलेलं त्यांना खपत नाही. "कार्टून लेकरायचं असते. ह्याले ॲनिमे म्हणतात," असं ते दूधवाल्यापासून मीटर बघायला येणाऱ्या माणसापर्यंत सगळ्यांना बजावून सांगतात. मोर्णा नदीच्या दोन्ही काठांवर, सबंध अकोल्यात, जपानबद्दल इतकी ठाम मतं असलेला दुसरा माणूस सापडायचा नाही. आणि इतकी चुकीची मतं असलेलाही.

मामा म्हणजे जुन्या शहरातल्या आमच्या घरमालकीण मावशींचे धाकटे भाऊ. सरकारी जीप चालवून निवृत्त झालेले, एकटे, बहिणीकडेच राहणारे. मी गडहिंग्लजकडची. नववीत शाळा सुटली ती सुटलीच. पुढे काही वर्षांनी लग्न झालं आणि नवऱ्याच्या डाळ मिलमधल्या नोकरीपायी थेट इकडे येऊन पडले. पहिल्याच दिवशी मामांनी दारातून विचारलं, "काहून वो, जेवली नाही काय अजून?" आणि मी आत जाऊन रडले. मला वाटलं, रागावले. इकडे माया अशीच खणखणीत आवाजात करतात, हे कळायला मला एक अख्खा उन्हाळा लागला.

मावशींचा मुलगा नोकरीला पुण्याला गेला तेव्हा त्याचा संगणक, गाड्यांच्या शर्यतीचा खेळ आणि ॲनिमेनं गच्च भरलेली एक डिस्क मागे ठेवून गेला, आणि भाच्याचा हा सगळा वारसा मामांनी उलट्या दिशेनं चालवला. शर्यतीच्या खेळात मामा चाळीसच्या वर जात नाहीत. वळताना हात दाखवता येत नाही म्हणून त्यांचा त्या खेळावर राग आहे. बाकीच्या गाड्या भिंतींना घासत, उड्या मारत सुसाट निघून जातात आणि मामा मात्र डाव्या बाजूनं, शाळेसमोर वेग कमी करत, शेवटून पहिले येतात. "तीस वर्सं गाडी चालवली, एक ओरखडा नाही. आता ह्या वयात रेकार्ड खराब करू काय? ह्या पोट्ट्यायचं तं लायसनच जप्त कराले पायजे." एकदा समोरून हरीण आलं तेव्हा मामांनी गाडी थांबवली. हरीण रस्ता ओलांडेपर्यंत शर्यत संपून बक्षीसही वाटून झालं होतं.

त्याच डिस्कमधली, भरल्या कार्यक्रमात पडद्यावर गाणारी निळ्या केसांची जपानी मुलगी, जी मुळात कुठे नाहीच, नुसता प्रकाश आणि यंत्राचा आवाज, तिच्याबद्दल मात्र त्यांना जो आदर आहे तो त्यांनी कधी कलेक्टरसाहेबांनाही दाखवला नसेल. गल्लीच्या गणपतीत ऑर्केस्ट्रा ठरत होता, तर हे बैठकीत उठून म्हणाले, हिला बोलवा. "पांढरा पडदा लागते फक्त. हिले सर्दी होत नाही, मंडपवाल्यासंग भांडण नाही, हाराची वाट पाहत खोळंबत नाही."

"पण मामा, लाईट गेली तं?" एका पोरानं विचारलं.

"लाईट गेली तं तुमचा ऑर्केस्ट्रा काय अंधारात वाजवते काय बे?"

"पण ते बाई खरी नाही ना, मामा."

"बाई खरी नाही, मंग समोरचे लोक टाळ्या कायच्या वाजवून राहिले? टाळ्या तं खऱ्या हायेत ना!" ह्यावर मंडळानंही टाळ्या वाजवल्या. त्यांनी ऑर्केस्ट्राच बोलावला, ही गोष्ट वेगळी. मावशींचं त्या मुलीबद्दल एवढंच म्हणणं होतं, की एवढी गुणाची पोरगी, पण अंगभर कपडा काहून नाही देत तिले कोणी.

पण मामांचा खरा जीव त्या एका तलवारवाल्या मालिकेत. तिचे सात भाग, एकेका भागात ढीगभर प्रकरणं, आणि सहा वर्षांत मामांनी ती किती वेळा पाहिली ह्याची गणतीच नाही. खाली इंग्रजी अक्षरं यायची. "आंगावर येतात लेकाची," म्हणून मामांनी जुन्या कॅलेंडरची एक लांब पट्टी कापून पडद्याच्या खालच्या कडेला चिकटवून टाकली होती. म्हणजे भाषा जपानी, खाली एकादशी आणि चतुर्थी, आणि गोष्ट मामांच्या मनातली. ती गोष्ट अशी, की हा सगळा रणसंग्राम धुऱ्याचा आहे. दोन शेतांच्या मधला बांध, तो धुरा. हिरो पोराच्या, काळ्या कपड्यातल्या चुलत्यानं तो दोन हात आत सरकवला. पोराचा बाप गेलेला. मग एक एकडोळ्या म्हातारा पुढे झाला, कारण तो पोराचा सख्खा मामा. "पाय, पाय कसा पाहून राहिला पोराकडे! मामाशिवाय असं कोणी पाहते काय?" मीही मान डोलवायची. मला ती गोष्ट पटलेली होती.

त्याच सुमारास माझ्या पोरीला बालवाडीत घालायचं म्हणून फॉर्म आणला. त्यात एक रकाना होता, आईचं शिक्षण. तो मी मोकळा ठेवला. मामांनी तो पाहिला आणि दुसऱ्या दिवशी कुठूनसा सतरा नंबरचा फॉर्म घेऊन आले, शाळेबाहेरून दहावीला बसायचा. बाकीचे विषय निघतील, पण इंग्रजी म्हटलं की माझे हात गार पडतात, असं मी सांगितलं. मामांनी जरा विचार केला. मग उठून त्यांनी ती पट्टी टर्रकन ओढून काढली.

"वाच," ते म्हणाले.

पडद्यावर एकडोळ्या म्हातारा पोराकडे बघत होता. मी बोट ठेवून एकेक अक्षर जुळवलं. चार-पाच शब्दच होते. अर्थ लागला तेव्हा वाटलं, लागला नसता तर बरं.

"काय म्हणते?"

"म्हणतोय... पोरा, मी तुला ओळखत नाही."

मामा खुर्चीतच सरळ झाले. "ओळखत नाही? सख्खा भाचा हाये!" त्यांनी चित्र थोडं मागे नेऊन तेच पुन्हा पाहिलं. मग म्हणाले, "लिहिणाऱ्यानं चूक केली असंल. चाल पुढं."

पुढे काय, रोज दुपारी मावशी तुरीच्या शेंगा सोलत बसायच्या आणि मी शब्दकोश मांडीवर घेऊन मामांचं एकेक नातं तोडायची. चुलता चुलता निघाला नाही. धुरा तर कुठेच नव्हता, भांडण कुठल्याशा मंतरलेल्या आरशाचं होतं. माझं वाचन सुधारत होतं आणि मामांचं घराणं उजाड होत होतं. एक दिवस मला राहवलं नाही. म्हातारा तीन शब्द बोलला, आणि मी वाचलं, "भाच्या, तुझ्यासाठीच मी इतकी वर्षं थांबलो."

मामांनी चित्र थांबवलं. "तीन शब्द हायेत खाली. तू एवढं लांबलचक कुठून आणलं?" मी शब्दकोश मिटला. "माह्यासाठी खोटं वाचशील, तं तिकडे पेपरात काय लिहिशील? गोष्ट गेली तं गेली, पोरी. तुहा पेपर नाही गेला पायजे. वाच."

वाचलं. "तू इथून जा," असं होतं ते.

पेपरच्या दिवशी मामा मला स्कूटरवर घेऊन गेले, अर्थात चाळीसच्या आत, त्यामुळे तासभर आधी निघालो होतो. फाटकाशी त्यांनी डबा उघडला. कढी-गोळे आणि भाकर. "मोठ्या लढाईच्या आधी हिरो पोटभर जेवते. हे मात्र खरं हाये, हे तूच वाचलं." रडू येत होतं, तरी जेवले. इंग्रजीत एक्केचाळीस पडले. मामांनी गल्लीभर पेढे वाटताना ते सत्तरच्या वर नेऊन ठेवले.

नंतर नवऱ्याला अमरावतीला काम मिळालं आणि आम्ही तिकडे गेलो. पोरीच्या पहिलीच्या फॉर्ममध्ये आईच्या शिक्षणाचा तो रकाना मी स्वतः भरला, दहावी पास. मागच्या महिन्यात पोरीला घेऊन अकोल्याला गेले, तर मामा संगणकापुढेच होते, जरा वाळलेले, आणि पडद्याच्या खालच्या कडेला ह्या वर्षीच्या कॅलेंडरची नवी पट्टी.

"मामा, पट्टी लावली परत?"

"डोयाले तरास होते त्या अक्षरायचा." माझ्याकडे न बघताच म्हणाले.

मी बाजूला बसले. पट्टीच्या वरून अक्षरांचे शेंडे दिसत होते आणि आता मला तेवढ्यावरूनही वाचता आलं असतं. मी नजर वर ठेवली. "कुठवर आलं मग?"

"चुलता नरमला. धुऱ्याच्या मोजणीले तयार झाला," मामा म्हणाले, आणि माझ्या पोरीला जवळ ओढून एकडोळ्या म्हाताऱ्याकडे बोट दाखवलं. "हा पाय, हा त्याचा सख्खा मामा."

मामांचे उपकार कसे फेडायचे ते मला कळत नव्हतं; परतीच्या एसटीत कळलं. मालिकेची मामांच्या मनातली ती गोष्ट मी एक दिवस वहीत लिहून काढणार आहे, पहिल्यापासून, धुऱ्यासकट, आणि त्यांच्यापुढे बसून शेवटपर्यंत वाचून दाखवणार आहे. तिच्यात तो म्हातारा पोराला पाहताक्षणी ओळखेल.