कपाटातले हातमोजे

आमच्या शाळेच्या प्रथमोपचार पेटीला कुलूप नव्हतं, तरी ती सहसा कोणी उघडत नसे. तपासणीला साहेब आले की ती टेबलावर यायची, साहेबांची गाडी वळली की परत कपाटात. आतला कापूस पिवळा पडला होता आणि कात्री गंजली होती. नवं होतं ते फक्त हातमोज्यांचं खोकं, कारण ते मीच जळगावहून आणलं होतं. शाळा धरणगाव तालुक्यातल्या एका खेड्यात. मी मेहरूणहून मोटरसायकलने रोज जातो-येतो. विज्ञान शिकवतो म्हणून ही पेटी माझ्या गळ्यात पडलेली.

मोजे आणले ते एका प्रशिक्षणानंतर. तालुक्याला आम्हा शिक्षकांना बसवून एक डॉक्टरबाई सांगत होत्या, की काही आजार रक्तातून जातात आणि ते माणसाच्या तोंडावर लिहिलेले नसतात. रक्त कोणाचं ते बघू नका, रक्त दिसलं की मोजे घाला. शाळेत काम करणाऱ्या प्रत्येकाने कावीळ ‘ब’ची लस घ्या, असंही त्या म्हणाल्या. आम्ही माना डोलावल्या आणि चहा कधी येतो याची वाट बघत बसलो. मी लस घेतली, हे कबूल केलं पाहिजे. स्वतःच्या जिवाचं मला बरोबर लक्षात राहिलं.

अक्का माझ्या ध्यानातच आल्या नाहीत. अक्का म्हणजे आमच्याकडे पोषण आहाराची खिचडी शिजवणाऱ्या. पन्नाशीच्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. नेमणूक स्वयंपाकाची, पण पोराने उलटी केली, कोणाचा दात पडला, कोणाचं ढोपर फुटलं, की आम्हा सगळ्यांच्या तोंडी पहिला शब्द ‘अक्का’ असायचा. त्या पदराला हात पुसत यायच्या. प्रशिक्षणाला त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

मोजे आणले त्याच आठवड्यात गावातल्या एका मुलाचं कोपर खरचटलं. मी त्याला नळाखाली धरलं, हातानेच रक्त पुसलं, पट्टी बांधली. मोज्यांची आठवणही झाली नाही. दुसऱ्याच दिवशी गावाबाहेरच्या वस्तीतली चौथीची मुलगी नाकातून रक्त येतंय म्हणून रडत आली. तेव्हा मात्र मला मोजे आठवले. मी ते नीट घातले, मग तिच्या नाकाला हात लावला. वर्ग बघत होता.

दुसऱ्या दिवशी तिचा बाप आला. वीटभट्टीवर काम करणारा माणूस, सकाळची पाळी बुडवून आलेला. आवाज चढवला नाही. दारातच उभा राहून म्हणाला, “सर, परवा त्या पोऱ्यानं रगत तुम्ही उघडा हातघाई पुसं. मनी पोरले मोजा काब्र?”

त्याच्याच पोरीला मोजे का, याचं उत्तर म्हणून मी प्रशिक्षणाचं सांगू लागलो. आरोग्य, जंतू, शासनाच्या सूचना. तो ऐकून घेत होता आणि माझं बोलणं माझ्याच कानाला खोटं लागत होतं. त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. मी मनाने असा नाही, असं मी स्वतःला समजत आलो होतो. हाताने मात्र बरोबर माणूस ओळखला होता. मला इतकी लाज वाटली की तो गेल्यावर मी खोकं पेटीतून काढलं आणि कपाटाच्या सगळ्यात वरच्या फळीवर, जुन्या नकाशांच्या मागे ढकलून दिलं. मोठे सर म्हणाले, “बरं केलंत. उगीच गावात वाद नको.”

त्याच दिवसापासून सगळ्यांना मोजे, असं मी ठरवू शकलो असतो. मी ठरवलं ते उलटं, कोणालाच नको. त्याला मी समानता म्हणत होतो, आणि त्याचं मला थोडं कौतुकही वाटत होतं.

पुढच्या दिवाळीनंतरची गोष्ट. कापूस वेचणीचे दिवस होते. अक्का पहाटे कोणाच्या ना कोणाच्या शेतात वेचायला जायच्या आणि तिथून तशाच शाळेत यायच्या. वाळलेल्या बोंडाची टोकं सुईसारखी असतात. वेचणीच्या महिन्यात आमच्या भागातल्या बायांची बोटं नखांजवळ फाटलेली असतात, कोणी त्याला जखम म्हणत नाही. त्या दिवशी मधल्या सुट्टीत सातवीतला एक मुलगा धावताना फाटकाच्या लोखंडी कोयंड्यावर आपटला. डोकं फुटलं. चांगल्या घरचा, स्वच्छ कपड्यांचा, हुशार मुलगा. अक्कांनी कणकेचा हात झटकावा तसा खिचडीचा हात झटकला, धावत आल्या आणि दोन्ही तळव्यांनी त्याचं डोकं दाबून धरलं. मिळाली ती रिक्षा करून आम्ही धरणगावला दवाखान्यात गेलो. सबंध वाटेत त्यांनी हात काढला नाही. रक्त त्यांच्या मनगटावरून कोपरापर्यंत उतरलं होतं. मी शेजारी बसून “जोरात दाबा अक्का, सोडू नका,” म्हणत होतो. टाके पडले, पोर वाचलं. गावात अक्कांचं नाव झालं. त्यांनी हात धुतले आणि उरलेली खिचडी वाढायला गेल्या.

माघात अक्कांचे डोळे पिवळे झाले. आधी त्यांनी गळ्यात काविळीची माळ घातली; ती लांबली की कावीळ उतरते म्हणतात, म्हणून ती लांबायची वाट बघत बसल्या. आठ दिवसांनी उठता येईना तेव्हा मी त्यांना जळगावला नेलं. रक्त तपासलं. कावीळ ‘ब’.

त्याच आठवड्यात त्या मुलाची आई मेहरूणला माझ्या घरी आली, एकटीच. पाणीही घेतलं नाही. तिने सांगितलं, की तिच्या अंगात हा आजार आहे आणि जन्मताच द्यायचं इंजेक्शन चुकल्यामुळे मुलातही आला आहे. घरात फक्त नवऱ्याला ठाऊक आहे. टाके पडले त्या दिवशीच सांगायला हवं होतं, लगेच लस मिळाली असती तर अक्कांना बहुधा हा आजार झालाच नसता, हे तिला माहीत होतं. “रोज ठरवायचे सर, उद्या सांगू,” ती म्हणाली. मग म्हणाली, “पोराचं नाव बाहेर आलं तर त्याच्या बाकावर कोणी बसणार नाही.” मला तिचा संताप आला. पण तिच्यावर ओरडायला माझ्याकडे तोंड नव्हतं. मोजे तिने लपवले नव्हते.

मी शब्द दिला आणि पाळला. त्याची किंमत अक्कांनी मोजली. हा आजार जेवणातून जात नाही, असं डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं. तो कागद मी गावच्या बैठकीत वाचून दाखवला. लोकांनी शांतपणे ऐकला आणि दुसरी बाई लावली. मग, विधवा बाईला असला आजार कुठून होतो, अशी कुजबुज सुरू झाली. शाळेत झाला, एवढं एकच वाक्य मला बोलता आलं असतं. पण शाळेत म्हटलं की रिक्षातलं ते डोकं सगळ्यांना आठवलं असतं. मी खाली मान घालून बसून राहिलो.

सहा महिन्यांत बहुतेकांच्या अंगातून हा आजार निघून जातो म्हणतात. अक्कांच्या अंगातून गेला नाही. आता तो त्यांच्या यकृतात मुक्कामाला आहे आणि दर काही महिन्यांनी तपासणी करावी लागते. मी रजा टाकून त्यांना नेतो. गाडीवर मागे बसून त्या अजून विचारतात, “त्या पोऱ्यानं डोकं आते दुखत नही ना?” आजार कोणाच्या रक्तातून आला, हे त्यांनी मला एकदाही विचारलं नाही.

आता शाळेत खोकं खालच्या फळीवर असतं. सरपंचाचा नातू असो की वस्तीतली पोर, रक्त दिसलं की मोजे. खिचडी शिजवणाऱ्या नव्या बाईंना मी स्वतः दवाखान्यात नेऊन लस टोचून आणली. वीटभट्टीवरच्या त्या बापाला भेटून मी चूक कबूल केली. तो म्हणाला, “जाऊ द्या सर.” हे सगळं मी आता करतो, आणि त्याचा अक्कांना काडीचा उपयोग नाही.

गेल्या खेपेला रक्त घ्यायला बसलेल्या मुलीने मोजे चढवले, तशी अक्कांनी पुढे केलेला हात मागे घेतला.

“बाई, बठ्ठासले घालतस का माले एकलीले?”

“सगळ्यांना घालते मावशी. तुमच्या आधी आमचे डॉक्टर बसले होते, त्यांनाही.”

अक्कांनी हात परत पुढे केला. सुई गेली, नळी भरली, बोळा दाबून त्या उठल्या. बाहेर बाकावर बसल्यावर त्यांनी बोळा उचलून रक्त थांबलं का ते पाहिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “सर, असाच मोजा आपला कपाटमा व्हतात ना? वरनी फळीवर, नकाशास्ना मांगे. मी दर शनवारले फळी पुसू.”

मी हो म्हणालो.

“माले वाटे, तुमना काही कामना व्हतीन,” त्या म्हणाल्या. “म्हनीसन मी कधी हात लावा नही.”