दुसऱ्यांची दुखणी सांगणारे चाचा

अख्ख्या कुवेतमध्ये दुसऱ्याचं दुखणं अम्गऱ्याच्या चाचांइतकं रंगवून सांगणारा माणूस झाला नाही. चाचा मूळचे श्रीवर्धनकडचे. शहराबाहेरच्या अम्गरा भागातल्या भंगारवाड्यात गॅसने लोखंड कापायचे आणि दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, दोन-तीन कामगारांना घेऊन आमच्या दवाखान्यात यायचे. मी तिथे एक्स-रे काढते. त्या कामगारांपैकी कुणाला अरबी येत नसे, कुणाला हिंदीही नाही. चाचांना सगळ्याच भाषा अर्ध्यामुर्ध्या येत, पण त्यांचं कुठे अडत नसे. गुडघेदुखी सांगायची तर ते स्वतः लंगडत आत शिरत. पोटदुखीला असे विव्हळत, की नव्या डॉक्टरांनी एकदा त्यांनाच टेबलावर आडवं केलं. खरा रुग्ण, एक नेपाळी, पोट धरून कोपऱ्यात उभाच. "बाय, डाक्तरला समजला पायजे ना!" शर्टाची बटणं लावत चाचा मला म्हणाले.

खोकला मात्र त्यांचा स्वतःचा होता. "तुमचाही एक एक्स-रे काढू या," म्हटलं की हसण्यावारी न्यायचे. "मना काय झालंय? फोटो खराब निघाला तर इकामा कोन देल?" इकामा म्हणजे इथे राहण्याचा परवाना. तो गेला की काम गेलं, आणि घरी तीन मुली शिकत होत्या. मी गप्प बसायची. बसायला नको होतं.

गेल्या उन्हाळ्यात दोन कामगार चाचांनाच उचलून घेऊन आले. डॉक्टरांनी विचारलं, "खोकला कधीपासून? रक्त पडतं का?"  त्या दोघांना प्रश्नच कळला नाही, आणि चाचांना एका शब्दापुरताही श्वास पुरेना. शेवटी मीच अडखळत सांगितलं, त्यांच्या खोकल्याचं, इतकी वर्षं नुसतं ऐकत आलेलं. एक्स-रेत दिसलं, धूळ-धूर पिऊन दोन्ही फुप्फुसं निकामी झाली होती.

महिन्याभरात त्यांना गावी पाठवलं. विमानतळावर व्हीलचेअर ढकलणाऱ्याला त्यांनी धापा टाकत विचारलं, "कमर दुखता क्या तेरा?" मी हसले, आणि मग मला तिथे उभं राहवेना.

परवा त्यांच्या घरी फोन केला. चाची म्हणाल्या, "आता बोलवत नाय त्यांना. पन तुमी बोला, ऐकतात." त्यांनी फोन चाचांच्या कानाला लावला. पलीकडून फक्त ऑक्सिजनच्या यंत्राचा आवाज येत होता. मी धुळीच्या वाऱ्याचं, उकाड्याचं, कायकाय सांगत राहिले. फोन ठेवायला मन होईना.